पहिल्या भागातलं गाव

आमचे सर कॉम्प्युटरवर खेळायला बसण्याआधी गाऱ्हाणं घालायचे. थट्टेत नव्हे. चपला काढून, उभं राहून, हात जोडून, देवळात मानकरी घालतात तसं. वेंगुर्ल्याच्या बाजारात एका औषधाच्या दुकानावरच्या माडीत त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता आणि मी तिथे शिकवायला होते. शेवटची बॅच सुटली की कोपऱ्यातल्या मोठ्या कॉम्प्युटरभोवती कॉलेजची चार पोरं जमायची आणि सर खुर्ची मागे सारून उभे राहायचे.

"बा देवा म्हाराजा! आज हयसर ह्यो जो काय खेळ मांडलेलो आसा, तेच्यात लायट जावक नको, माउस अडकूक नको, आणि भुयारात जो कोण उतारतलो तो सुखरूप गावात परत येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरं एका सुरात ओरडायची.

मी गप्प राहिले तर सर वळून बघत. "गो बाय, तुजो आवाज येवक नाय. एक जरी गप ऱ्हवलो तर गाऱ्हाणा पोचणा नाय." मग मलाही म्हणावं लागे. बी.एस्सी. झालेली मी, चांगल्या घरातली मुलगी, एका व्हिडिओ गेमसाठी देवाला हाका मारतेय हे आईला कळलं असतं तर तिने दुसऱ्याच दिवशी माझी नोकरी सोडवली असती.

सर पूर्वी बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. बोटीचा जगाशी जो काही संबंध, तो त्यांच्या कानातून. टिकटिक ऐकायची आणि तिचा निरोप कागदावर उतरवायचा, यात त्यांचं उभं तारुण्य गेलं. मग उपग्रह आले, टिकटिक संपली आणि सर घरी आले. ही अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. बाजारात त्यांना सगळे कप्तान म्हणत आणि ते प्रत्येकाला थांबवून चूक दुरुस्त करत. "कप्तान वेगळो. तो बोट चलयता. मी नुसतो आयकणारो."

ऐकायची त्यांची रीतही निराळीच होती. कुणी शंका विचारली की डोळे मिटत, उजव्या हाताचं बोट टेबलावर हलकं वाजत राही. समोरच्याचं बोलणं संपलं की ते जसंच्या तसं त्यालाच म्हणून दाखवत आणि मग डोळे उघडून म्हणत, "मिळालो." म्हणजे निरोप मिळाला. त्यानंतर उत्तर. नव्या मुली पदराआड, ओढणीआड हसायच्या, पण महिनाभराने त्याच मुली सांगायच्या की आमचं बोलणं घरात कुणी एवढं ऐकत नाही. फोनवर तर त्यांची कमालच होती. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "ओव्हर", म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. गॅसवाल्यालासुद्धा. "सिलिंडर कधी येतलो? ओव्हर." तोही बिचारा पलीकडून म्हणे, "मंगळवारी येतलो काका, ओव्हर."

एक खोड मात्र मला फार दिवस उमगली नाही. तिन्हीसांजा झाल्या की सर क्लासमधले दिवे लावू देत नसत. मुली पडद्याच्या उजेडात टाइप करत बसायच्या. सर खाली रस्त्यावर जाऊन उभे राहायचे, समोरच्या कापडवाल्याच्या, मग किराणावाल्याच्या दुकानात दिवा लागलेला बघायचे आणि तेव्हा खालून हाक द्यायचे, "आता लाव गो!" विजेचं बिल वाचवतात, असं मी समजत होते. आईला मी तसंच सांगितलं होतं, आणि आई म्हणाली होती, बोटीवरची माणसं अशीच चिकट असतात.

आता त्या खेळाविषयी.

सरांची बायको मी त्यांना ओळखू लागायच्या फार आधी वारली होती. मुलगा एकुलता एक, तो कोल्हापुरात मामाकडे वाढलेला. बाप वर्षातून एकदा येणारा, विमानतळावरची चॉकलेटं आणणारा पाहुणा. सर कायमचे घरी आले तेव्हा मुलगा दहावी झालेला होता, आणि दोघांना एकमेकांशी बोलायला काही नव्हतं. शेवटच्या बंदरात सरांनी हा खेळ विकत घेतला होता, दुकानदाराने मुलांना आवडतो म्हणून सांगितलं म्हणून. मुलगा मे महिन्यात आला. दोघं एकाच कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या लावून बसले. माउस मुलाच्या हातात, म्हणजे चालणं आणि लढणं त्याचं. कीबोर्ड बापाच्या हातात, म्हणजे जखम झाली की औषध पाजणं बापाचं. त्या मे महिन्यात मी त्यांना पहिल्यांदा एकत्र हसताना पाहिलं. "बाबा, औषध! औषध!" असं मुलगा ओरडायचा आणि सर घाईघाईने बटण दाबून म्हणायचे, "पी, पी. वायच सावकाश पी."

खेळ म्हणाल तर साधा. एक लहानसं गाव. मध्ये विहीर, चार घरं, एक लोहार, एक वैद्य, दारूचा गुत्ता, नदीपलीकडे एकटी राहणारी भगतीण आणि सगळ्यांच्या हकिकती सांगणारा एक म्हातारा. गावाच्या कडेला मोडकं चर्च, सर त्याला इगर्ज म्हणत. तिच्याखाली भुयार, भुयाराखाली आणखी भुयार, आणि अगदी तळाशी सैतान. आपला वीर खाली उतरतो, लढतो, घायाळ होऊन वर येतो, वैद्याकडून बरा होतो, लोहाराकडून तलवार नीट करून घेतो आणि पुन्हा खाली जातो.

पोरांना त्यातली लढाई हवी असे, सरांना गाव. वर आले की ते मुलाला सगळीकडे फिरायला लावत. लोहाराशी बोल, वैद्याशी बोल, दारुड्याशीसुद्धा बोल. मुलगा वैतागायचा. त्या लोकांची बोलणी ठरलेली, तीच तीच. सर म्हणत, "तीच तर तीच. बाहेरसून इलंस, चवकशी करूक नको? गावाक काय वाटात?"

मग दोन हजार साली खेळाचा दुसरा भाग आला आणि आमच्या माडीत दोन तट पडले. पोरं सगळी दुसऱ्याच्या बाजूची. दुसऱ्यात वीर जास्त, हत्यारं जास्त, एकच गाव नाही, वाळवंट आहे, जंगल आहे, पुढे बर्फ आहे. पहिल्यात नुसतं चालता येतं, दुसऱ्यात धावता येतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, दहा ठिकाणी बसलेली माणसं इंटरनेटवरून एकत्र खेळू शकतात. सर एकेक मुद्दा डोळे मिटून ऐकायचे, "मिळालो" म्हणायचे आणि खोडून काढायचे.

"धावूक दिल्यानी म्हणून तुमका बरा वाटता. अरे, पयल्यात गावात येताना चलत येवचा लागता, म्हणान गाव दिसता. धावणाऱ्याक काय दिसतला?"

"पण सर, दुसऱ्यात सामान ठेवायला पेटी आहे."

"ता तर सांगाच नको. पयल्यात सोन्याची रास भर गावात विहिरीकडे उघड्यार टाकून जावा. कोण हात लावता? परत येवा, रास थंयच. दुसऱ्यात पेटी दिल्यानी. पेटी इली म्हणजे चोर इलो."

पोरं हसून लोळायची. मीही हसायचे. सरांनी तोवर दुसरा भाग स्वतः पाहिला नव्हता. पोरांच्या तोंडून ऐकूनच सगळी टीका चालली होती, आणि आपण ऐकून जेवढं कळतं तेवढ्यावर बोलतो याची त्यांना बिलकूल लाज नव्हती.

त्याच दिवाळीत मुलगा पुण्याहून आला. इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष. येताना दुसऱ्या भागाची सीडी घेऊन आला. "बाबा, एकदा बघा तरी. हा तुम्ही शिकलात की मी होस्टेलवरून आणि तुम्ही इथून, आपण रोज खेळू शकतो." रोज, हा शब्द ऐकून सरांचा चेहरा कसा झाला ते मला आठवतं. त्यांनी गाऱ्हाणंही जरा मोठं घातलं. दोन खुर्च्या लागल्या. मी कपाटं बंद करत होते, पण माझंही लक्ष तिकडेच होतं.

बराच वेळ ते रानातून फिरत राहिले. मग एका लाल दारातून वीर आत शिरला आणि पडदा नीट दिसायच्या आधी गिटारचे सूर वाजले. पहिल्या भागात गावात आलं की वाजायचे तेच. सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि ते आनंदाने म्हणाले, "आयक! गाव इलो!"

त्यांनी डोळे उघडले तेव्हा पडद्यावर गाव जळत होतं. विहीर तीच, वाट तीच, पण वैद्याच्या घराच्या नुसत्या भिंती. गुत्ता काळाठिक्कर. हाडं पडलेली. सर मुलाला म्हणाले, "वैद्याकडे जा." तिथे कोणी नव्हतं. "भगतिणीकडे जा." तिथेही कोणी नव्हतं. तेवढ्यात लोहाराच्या घराकडून कोणीतरी आलं, आणि ते लोहाराचंच भूत होतं, हातोडा घेऊन अंगावर येणारं.

"हे कसलं भारी आहे माहीत आहे का बाबा?" मुलगा रंगात येऊन सांगत होता. "पहिल्या भागात आपण ज्याला खेळवलं ना, तो आपला वीर, तोच हे सगळं घेऊन आला. गाव वाचवायला गेला आणि त्याच्याच पायी गाव गेलं."

सर उठले आणि त्यांनी भिंतीवरचा स्विच बंद केला. पडदा काळा झाला.

"बाबा! सेव्ह तरी करू द्यायचं!"

"त्या गावात माका परत न्हेव नको."

"गेम आहे तो!"

"माणसा नाय थंय. माका न्हेव नको."

मुलगा उभा राहिला. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, डोळ्यांत पाणी आलेलं. "कुठल्या गावात न्यायचं नाही? या, का आपल्या? आपल्या खऱ्या गावात तरी कधी नेलंत मला? मामा सांगतो ते खरंच आहे. तुम्ही त्या दिवशी गावात शिरला नसतात तर आई आज असती."

 सरांचं बोट टेबलावर वाजत होतं, पण "मिळालो" ते म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलगा पुण्याला गेला. दोन खुर्च्यांतली एक मी भिंतीला लावून ठेवली, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं.

ते काय होतं, हे मला सरांनी पुढे एका दुपारी सांगितलं. लोडशेडिंग होतं, पंखे बंद, मुली घरी गेलेल्या. मी विचारलं नव्हतं.

सरांचं गाव मालवणकडचं. तिकडच्या काही गावांत काही वर्षांनी गावपळण असते. देवाचा कौल झाला की अख्खं गाव गुराढोरांसकट, कुत्र्याकोंबड्यांसकट वेशीबाहेर जातं, तीन दिवस माळावर झोपड्या घालून राहतं, आणि पुन्हा कौल मिळाला की परत येतं. तेवढे दिवस गाव देवाचं आणि भुताखेतांचं. आत कोणी जायचं नाही, चूल पेटवायची नाही, विहिरीचं पाणी ओढायचं नाही, दिवा लावायचा नाही. तारीख कौलावर ठरते, त्यामुळे समुद्रावरच्या माणसाला ती कळण्याचा संभव नव्हता. सरांची बोट दुरुस्तीसाठी अचानक मुंबईला लागली. त्यांना सुट्टी मिळाली. न कळवता घरी जाऊन बायकोला चकित करू, अशी तरुण माणसाची हौस. एस.टी.तून उतरून ते डोंगरावरच्या जवळच्या वाटेने गेले. माळ गावाच्या दुसऱ्या अंगाला, त्यामुळे झोपड्या त्यांना दिसल्याच नाहीत.

"वाटेत एक कुत्रो भुकाक नाय," सर सांगत होते. "माका वाटला, खंयतरी मोठा लगीन आसात. सगळी जेवक गेली असतली. आमच्या घराक कडी. मी विहिरीचा पाणी काढलंय, पाय धुतलंय. तिन्हीसांजा झाली. म्हटला, ती काळोखातसून येतली, घर उजेडात दिसाक होया. म्हणान तुळशीकडे दिवो लावलंय."

आणि तो दिवा माळावरून दिसला. अख्ख्या काळोख्या, मोकळ्या गावात एकच उजेड. माळावर हाहाकार झाला. बायका रडू लागल्या. भूत नाचवतंय दिवा, असं कोणीतरी म्हणालं. सरांच्या बायकोला तेवढं कळलं की उजेड आपल्या अंगणात आहे. मुलाला शेजारणीकडे देऊन ती धावत सुटली, वेस ओलांडून, एकटी.

"धापा टाकीत इली. मी घरातसून भायर येयसर दिवो फुंकल्यान, माजो हात धरल्यान आणि माका ओढीत न्हेल्यान. 'आदी चला,' एवढाच म्हटल्यान. तोंड माका दिसाक नाय गो. काळोख पडल्लो. ती रागान इल्ली काय भियान इल्ली, माका कळाक नाय. मागसून इचारूक धीर झालो नाय. ती पण कधी बोलाक नाय."

गावाने फारसं काही केलं नाही. मानकऱ्यांनी देवापुढे नारळ ठेवायला लावला, तो ठेवला, विषय संपला. पण पुढच्या पावसाळ्यात बायकोला कावीळ झाली आणि त्यात ती गेली. सर तेव्हा समुद्रावर होते. निरोप आला तो त्यांच्याच कानात आला. अक्षरं त्यांनी आधी सवयीने लिहून घेतली आणि मग वाचली. त्यानंतर त्यांनी गावात पाऊल ठेवलं नाही. कोणी बंदी केली नव्हती, त्यांनीच स्वतःला केली.

"जगातल्या बोटींचे निरोप माका मिळाले," सर म्हणाले, "आणि माज्या गावचो एक मिळाक नाय. दुसरो भाग वायट म्हणान मी बोलणंय नाय गो. तो खरो आसा, म्हणान माका सोसणा नाय. पयल्यात गाव परत परत गावता."

लाइट आली. पंखा फिरायला लागला. मला रडू आवरेना, आणि सर मला चहा करून देत होते.

त्यानंतरची वर्षं भराभर गेली. दिवेलागणीला मी काही न बोलता अंधारात बसायला शिकले. पोरं बदलली, कॉम्प्युटर बदलले, पडदे चपटे झाले, पण कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर आणि त्यातला पहिला भाग तसाच राहिला. सर आता एकटे खेळायचे. माउसही त्यांच्याच हातात, कीबोर्डही त्यांच्याच. भुयारात ते फारसे उतरत नसत. गावात फिरायचे, चौकशी करायचे. मुलगा बंगळूरला नोकरीला लागला. शनिवारी त्याचा फोन येई. "जेवलंस? ओव्हर." "हो बाबा." "पाऊस आसा? ओव्हर." "नाही बाबा." एवढंच. बोलणं संपलं हे सांगायला बोटीवर दुसरा शब्द असतो, "आउट". तो सर मुलाला कधीच म्हणाले नाहीत. मुलगा फोन ठेवी आणि हे रिसीव्हर कानाला लावून तसेच बसत.

दोन हजार नऊमध्ये सरांना हृदयविकाराचा झटका आला. बरे झाले, पण जिना चढायला हाताला धरावं लागे. मुलगा सुट्टी घेऊन आला. कानाजवळ केस पिकायला लागलेला, चष्मेवाला माणूस. तो बापाची औषधं वेळेवर देई, भात मऊ शिजवी, आणि तरी दोघं एकमेकांसमोर अनोळखी पाहुण्यांसारखे बसत. असेच आठ-दहा दिवस गेले. मग एका संध्याकाळी तो क्लासमध्ये आला, भिंतीजवळची खुर्ची उचलून त्याने कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढे लावली आणि मला म्हणाला, "ताई, त्यांना वर आणता?"

पडद्यावर दुसरा भाग बघून सर दारातच थांबले.

"बाबा, त्या वेळी आपण गाव पूर्ण पाहिलंच नाही. तुम्ही मध्येच बंद केलंत. एकदाच. मी आहे बरोबर."

सर खुर्चीपर्यंत आले, तिच्या पाठीवर हात टेकला. मग बसले. गाऱ्हाण्याला उठवेना, म्हणून बसूनच हात जोडले. आवाज बारीक झाला होता. "...जो कोण भितर जातलो, तो सुखरूप परत येवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. आणि माझ्याबरोबर मुलगाही म्हणाला. पूर्वी तो नुसता कपाळाला हात लावायचा.

लाल दार आलं. गिटार वाजली. जळकं गाव आलं. सरांचं बोट टेबलावर वाजायला लागलं. लोहाराचं भूत अंगावर धावलं तेव्हा सरांनी कीबोर्डवरून हात काढून घेतला. "लोहाराक मी मारूचंय नाय."

"नका मारू. आपण वळसा घालून जाऊ."

मुलाने वीराला धावत वळवलं. गावाच्या मधोमध एका खांबाला पिंजरा टांगलेला होता. त्यात कोणीतरी हलत होतं. मुलाने पिंजरा उघडला. आतून लांब झग्यातला एक म्हातारा उतरला, आभार मानल्यासारखं काहीतरी बोलला.

सर पडद्याजवळ वाकले. "ह्यो पयल्यातलो? गोष्टी सांगणारो?"

"तोच, बाबा. तो जिवंत आहे. तेव्हा हेच दाखवायचं होतं मला."

"सगळो गाव गेलो आणि ह्यो एकटो भितर ऱ्हवलो?"

"हो. आणि त्याला न्यायला कोणीतरी आत शिरतं."

 म्हातारा स्वतःचं एक निळं दार उघडून निघून गेला. पडद्यावर आता फक्त आमचा वीर उभा होता. मग सरांनी मुलाकडे न बघता विचारलं, "जो तेका न्हेवक भितर येता, तो मगे मरता?"

मुलाचा हात माउसवरून सुटला. लोहाराचं भूत येऊन वीराला मारायला लागलं आणि दोघांपैकी कोणीही औषधाचं बटण दाबलं नाही.

"नाही, बाबा. मरत नाही," तो म्हणाला. "कावीळ झाली की माणूस मरतो. कोणाला आणायला गेलं म्हणून मरत नाही. आई तुमच्यामुळे गेली नाही. मी तेव्हा बोललो ते चुकीचं होतं. मला माहीत होतं चुकीचं आहे, तरी बोललो."

सरांनी डोळे मिटले. बोट टेबलावर हळूहळू वाजत राहिलं. मुलाने सांगितलेलं त्यांनी तोंडातल्या तोंडात जसंच्या तसं म्हणून पाहिलं. कावीळ झाली की माणूस मरतो. मग डोळे उघडले.

"मिळालो," ते म्हणाले. "ओव्हर."

त्या संध्याकाळी दिवे लावायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. बऱ्याच उशिराने सर स्वतः उठले, भिंतीला धरून स्विचपर्यंत गेले आणि त्यांनी ट्यूब लावली. समोर कापडवाल्याच्या दुकानात लागली होती की नाही, ते त्यांनी पाहिलं नाही.

मुलगा बंगळूरला परत गेला, पण शनिवारचे फोन लांबले. दोघं दुसरा भाग खेळू लागले, हा तिकडून, ते इकडून. आमचं इंटरनेट मध्येच तुटे आणि सर वाळवंटात अडकून पडत. "ह्या वाळवंटात चवकशी करूक कोण नाय," अशी कुरकुर करत, पण खेळत. पुढच्या वर्षी मार्गशीर्षात त्यांच्या गावची गावपळण ठरायची होती. या खेपेला जायचं, माळावर सगळ्यांबरोबर राहायचं आणि सगळ्यांबरोबरच गावात शिरायचं, असं दोघांचं फोनवर ठरलं. सरांनी झोपडीवर घालायला ताडपत्री आणून ठेवली. बोटीवरचा माणूस, गाठी कशा मारायच्या तेही मला करून दाखवलं.

नवरात्रात ते झोपेतच गेले. ताडपत्री कोपऱ्यात गुंडाळलेली होती.

मुलगा ती ताडपत्री घेऊन मार्गशीर्षात गावी गेला. मला म्हणाला, ताई, एकट्याने जायला नको वाटतं. मी गेले. माळावर झोपड्यांची रांग लागली होती, चुली पेटल्या होत्या, पोरांना शाळा नसल्याचा आनंद होता. मुलाला तिथे कोणी ओळखत नव्हतं. त्याला गाठी मारता येईनात तेव्हा मी सरांनी दाखवल्या तशा मारल्या.

तिन्हीसांजेला तो माळाच्या कडेला जाऊन उभा राहिला. खाली माडांमध्ये गाव काळोखात बुडत चाललं होतं. शेजारच्या झोपडीतली एक खूप म्हातारी बाई काठी टेकत आली आणि त्याच्या तोंडाकडे निरखून बघत राहिली.

"तू रेडिओवाल्याचो झील ना रे? कान बापाशीचेच. तेवा तुका माज्याकडेच टाकून गेल्ली तुजी आवस. हयसूनच धावत गेल्ली, ह्या दगडार पाय देवन."

मुलगा तिच्याजवळ वाकला. "खूप घाबरली होती का हो ती?"

"भियात कित्याक?" म्हातारी म्हणाली. "हसत गेल्ली. आमी सगळी हाका मारतो, फाटी ये गो, मरशीत गो, आणि ती वळान वळान हसता. 'भूत खंयचा, माजो घोव इलो बोटीवरसून,' म्हणता. तव्यार भाकरी तशीच. ती मी उतरलंय."

म्हातारी आणखी काही बोलत होती. मुलाने खिशातून मोबाइल काढला, सरांचा नंबर लावायला अंगठा पुढे नेला आणि तसाच थांबला. मी त्याच्या हातावर हात ठेवला. आम्ही तिथेच उभे राहिलो. समोर गावात कुठेच दिवा नव्हता.